नाकाची गोळी छातीला पुरत नाही



नवरात्र आटोपले की आपल्याकडे दिवाळीचे वेध लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत मेलबर्नच्या रस्त्याकडेला, मोकळ्या प्लॉटवर, फ्रीवेच्या दुतर्फा गवताला तुरे येतात. मंदिराच्या आवारात शिंकांचे आवाज वाढतात. प्रसादाच्या रांगेत कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन विचारतेच, "डॉक्टर, इंडियातून आणलेली अ‍ॅलर्जीची गोळी आहे. घेऊ ना?"

२०१६ सालच्या नोव्हेंबरमध्ये हाच प्रश्न मला एका विद्यार्थ्याने विचारला होता. तो रविवारी मंदिरात वाढपाला यायचा. नाक वाहत होते, डोळे लाल झाले होते. मी म्हटले, "घे रात्री एक." दुसऱ्या दिवशी, सोमवारी २१ नोव्हेंबरला, पारा ३५ अंशांच्या आसपास होता आणि संध्याकाळी वादळ आले. रात्री त्याच्या रूममेटचा फोन आला : त्याला श्वास घेता येत नाही, अ‍ॅम्ब्युलन्स लवकर मिळत नाही, काय करू? तो मुलगा अतिदक्षता विभागात जाऊन वाचला. नंतर भेटल्यावर मी त्याला जे विचारले ते आदल्या दिवशीच विचारायला हवे होते : रात्री खोकल्याने जाग येते का? छातीत शिट्टी वाजते का? तो म्हणाला, "काका, दोन महिने येतेय. मला वाटलं, थंडीमुळे असेल."

इतकी वर्षे डॉक्टरकी करून मी फक्त नाक पाहिले, छातीची चौकशी केली नाही. तो वाचला हे त्याचे नशीब. आज हा लेख लिहितोय तो त्या चुकीची आठवण ठेवून.

त्या संध्याकाळी काय झाले?

त्या वादळानंतरच्या सुमारे तीस तासांत मेलबर्न आणि जीलाँगच्या इस्पितळांत श्वासाच्या तक्रारी घेऊन नेहमीपेक्षा ३,३०० हून अधिक जादा रुग्ण आले. दहा माणसे दगावली. आजारी पडलेल्यांत भारतीय उपखंडातून आणि आग्नेय आशियातून आलेल्यांचे प्रमाण आपल्या लोकसंख्येच्या मानाने बरेच जास्त होते. बहुतेकांना हे फीव्हर, म्हणजे वसंतातली नाकाची अ‍ॅलर्जी होती. पण "तुम्हाला दमा आहे" असे डॉक्टरांनी आधी सांगितले होते असे लोक त्यांत थोडेच होते.

कारण होते रायग्रास नावाच्या गवताचे परागकण. अख्खा परागकण आकाराने मोठा असतो. तो नाकात अडकतो, शिंका आणतो, पण फुप्फुसात खोल जाऊ शकत नाही. वादळात मात्र हे कण ढगापर्यंत उचलले जातात, ओलाव्याने फुगून फुटतात, आणि एकेका कणातून सातशेपर्यंत अतिसूक्ष्म पिठूळ दाणे बाहेर पडतात. हे मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९२ सालीच दाखवून दिले होते. त्यांत मोहन सिंग हे आपल्या मुळाचे शास्त्रज्ञही होते. हे दाणे पावसाआधीच्या गार वाऱ्याबरोबर जमिनीलगत येतात आणि श्वासाबरोबर थेट छातीत उतरतात. म्हणजे नाकाचा रोगी एका संध्याकाळीत छातीचा रोगी होतो.

आपली आणखी एक अडचण आहे. भारतातून नवीन आलेल्याला पहिली एक-दोन वर्षे बहुधा काही होत नाही. शरीराची या गवताशी ओळख व्हायला काही मोसम जातात. त्यामुळे "मला कधीच अ‍ॅलर्जी नव्हती" हे वाक्य इथे फारसे उपयोगाचे नाही.

चिडखोर श्वासनळी

दमा म्हणजे नुसता कफ नव्हे, नुसती धापही नव्हे. दम्याचे मूळ लक्षण म्हणजे श्वासनलिकेचा चिडखोरपणा. थंड हवा, धूर, धावणे, परागकण यांनी निरोगी माणसाच्या नळीला फारसे काही होत नाही. दमेकऱ्याची नळी आकसते, आतून सुजते आणि चिकट स्राव सोडते. घरात एखादा माणूस आधीच त्रासलेला असला की भांडे पडल्याच्या आवाजानेही ओरडतो, तशातलाच हा प्रकार. भांडे हे निमित्त. मूळ कारण आत धुमसत असलेला दाह.

अ‍ॅलर्जीच्या दम्यात श्वासनळीच्या अस्तरात मास्ट पेशी नावाच्या पहारेकरी पेशी असतात. परागकण भिडला की त्या आपल्या पोतडीतली रसायने ओततात. ही रसायने म्हणजे किल्ल्या, आणि नळीच्या स्नायूंवर त्यांची कुलपे असतात. या कुलपांना वैद्यकात रिसेप्टर म्हणतात. किल्ली कुलपात बसली की स्नायू आवळतो. औषधशास्त्राने शोधलेली एक युक्ती अशी : कुलपात आधीच एक खोटी किल्ली अडकवून ठेवायची, म्हणजे खरी किल्ली बसणारच नाही. आपल्या औषधाच्या डब्यातल्या अनेक गोळ्या याच युक्तीवर चालतात. प्रश्न एवढाच, की कुलूप अडवल्याने नळीचा चिडखोरपणा जातो का?

पहिले कुलूप : हिस्टामिन

सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या गोळ्या हिस्टामिनचे कुलूप अडवतात. नाकाची खाज, शिंका, डोळ्यांचे पाणी यांवर त्या चांगल्या. पण दम्यात श्वासनळी आवळणाऱ्या अनेक रसायनांपैकी हिस्टामिन हे फक्त एक, आणि त्यातही दुबळे. म्हणून ही गोळी दम्याचे औषध नाही.

दुसरे कुलूप : ल्युकोट्रिन

याची गोष्ट आपल्या मेलबर्नची आहे. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावे लागलेले विल्हेल्म फेल्डबर्ग १९३६ ते १९३८ या काळात इथल्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होते. संस्थेचे संचालक चार्ल्स केलावे सापांच्या विषाचे अभ्यासक. दोघांनी गिनीपिगच्या फुप्फुसातून नागाचे विष सोडून पाहिले. फुप्फुसातून जे द्रव्य बाहेर आले त्याने स्नायू आवळला, पण हिस्टामिनसारखा झटकन नव्हे. सावकाश, आणि बराच वेळ. त्यांनी त्याला 'सावकाश काम करणारे द्रव्य' असेच नाव दिले. १९४० साली केलावे आणि ट्रेथेवी यांनी अ‍ॅलर्जीच्या प्रतिक्रियेतही तसेच द्रव्य सुटते हे याच शहरात दाखवले. ते नेमके काय आहे हे कळायला पुढे चार दशके लागली. स्वीडनच्या बेंट सॅम्युएलसन यांनी १९७९ च्या सुमारास त्याची ओळख पटवली आणि ल्युकोट्रिन हे नाव रूढ झाले. श्वासनळी आवळण्यात ते हिस्टामिनपेक्षा सुमारे हजारपट जोरकस आहे.

हे कुलूप अडवणारी गोळी म्हणजे माँटेलुकास्ट. १९९८ पासून ती वापरात आहे. भारतात ती लेव्होसेटिरिझिनबरोबर एकाच गोळीत मिळते, आणि आपल्या बहुतेक घरांत आई-बाबांच्या सामानातून तिची दोन-चार पाकिटे आलेली असतात. गोळी वाईट नाही. व्यायामाने होणारा दमा, लहान मुलांचा सौम्य दमा, नाक आणि छाती दोन्हींचा त्रास, यांत काहींना तिचा चांगला उपयोग होतो. पण सर्वांना होत नाही. शिवाय तिच्याबद्दल एक इशारा आहे. काही मुलांना आणि मोठ्यांनाही तिच्यामुळे वाईट स्वप्ने, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये याबद्दल सर्वांत कडक दर्जाची सूचना छापायला लावली. मूल एकाएकी हट्टी झाले, रात्री दचकून उठू लागले, तर "वय आहे" म्हणून सोडून देऊ नका. गोळी सुरू आहे हे जीपींना सांगा.

तिसरे कुलूप : धोत्र्याचे

श्रावणात आपण महादेवाला धोत्रा वाहतो. धोत्र्याच्या वाळलेल्या पानांचा धूर दम्यासाठी ओढण्याची रीत भारतात जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मद्रासहून इंग्लंडला पोचली आणि तिकडे दम्याच्या सिगारेटी निघाल्या. धोत्र्यातले अ‍ॅट्रोपिनसारखे द्रव्य असिटिलकोलीनचे कुलूप अडवते. मज्जातंतू याच किल्लीने श्वासनळी आवळतात. आजची इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही पफमधली औषधे त्याच घराण्यातली, पण छातीपुरती राहणारी आणि मोजून दिलेली. नेहमीच्या औषधांनी भागत नसेल तेव्हा ती जोडीला देतात. धोत्रा मात्र पिंडीवरच राहू द्या. त्याची मात्रा हाताबाहेर गेली की माणूस भ्रमात जातो आणि प्राणही जाऊ शकतो.

मग चिडखोरपणा जातो का?

हे मोजता येते. एका चाचणीत मेथाकोलीनची वाफ वाढत्या मात्रेत हुंगायला देतात. ते सरळ स्नायूवरच्या तिसऱ्या कुलपात बसते. दुसरी चाचणी ऑस्ट्रेलियाची देणगी आहे. सिडनीच्या रॉयल प्रिन्स अल्फ्रेड रुग्णालयातल्या सँड्रा अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅनिटॉल नावाच्या साखरेसारख्या कोरड्या भुकटीची चाचणी विकसित केली. ही भुकटी स्नायूला हात लावत नाही. ती मास्ट पेशींना डिवचते, आणि त्या पेशी सगळ्या किल्ल्या एकदम बाहेर टाकतात. धावण्याने किंवा परागकणाने जे घडते त्याच्या हे जवळचे.

आता गंमत पाहा. टायोट्रोपियमच्या कुळातले औषध घेऊन मेथाकोलीनची चाचणी केली तर ती छान येते. पण त्याचा अर्थ इतकाच की त्या एका कुलपात किल्ली बसली नाही. आतला दाह जिथल्या तिथे आहे. माँटेलुकास्टने या चाचणीत फरक पडला तरी थोडाच. मॅनिटॉलच्या चाचणीत सिडनीच्याच संशोधकांना असे दिसले, की फेक्सोफेनाडिन घेतल्यावर नळी आकसायला जास्त भुकटी लागते, पण आकसायची ती आकसतेच. आणि माँटेलुकास्ट घेतल्यावर ती आकसते, मात्र लवकर पूर्ववत होते. एक गोळी थोडा उशीर करते, दुसरी थोडे लवकर सोडवते. चिडखोर माणूस चिडखोरच राहतो.

कारण उघड आहे. घराला पन्नास दारे असताना एका दाराला कुलूप घालून चोर थांबत नाही. पहारेकरी पेशी जोवर भडकलेल्या आहेत, तोवर एक किल्ली अडवली तर दुसरी चालते.

भडका शांत करणारे औषध आहे ते हुंगायचे स्टिरॉइड, ज्याला इथे प्रिव्हेंटर म्हणतात. ते एखादे कुलूप अडवत नाही, दाहच कमी करते. रोज घेतले तर काही दिवसांत बरे वाटू लागते, आणि नळीचा चिडखोरपणा आठवड्यांमागून आठवडे, महिनोन्‌महिने उतरत राहतो. मॅनिटॉलची चाचणीसुद्धा अनेकांची सुधारते. "पंपाची सवय लागते" हा आपल्याकडचा समज मी चाळीस वर्षे ऐकतो आहे. सवय लागत नाही. मध्येच बंद केले की दाह परत येतो, इतकेच. स्टिरॉइड या शब्दाला घाबरणाऱ्यांसाठी ढोबळ हिशेब सांगतो. दम्याच्या अ‍ॅटॅकमध्ये प्रेडनिसोलोनची गोळी मिलिग्रॅममध्ये देतात, पफमधले औषध मायक्रोग्रॅममध्ये असते. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. नियमित पफ घेणाऱ्यावर ती गोळी घ्यायची वेळच कमी येते. पफ घेतल्यावर चूळ भरून थुंका, म्हणजे तोंडात बुरशी येणार नाही.

निळा रिलिव्हर, म्हणजे साल्ब्युटामोल, याच्या बरोबर उलट चालतो. तो कुलूप अडवत नाही. नळी सैल करणारे बीटा-२ नावाचे कुलूप उघडतो. जीव वाचवणारे औषध आहे, पण दाहाला हात लावत नाही. वर्षाला तीन किंवा अधिक निळे पंप संपत असतील तर दमा ताब्यात नाही असे समजावे. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेत मोठ्यांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये असे सांगितले आहे, आणि ऑस्ट्रेलियातले धोरणही आता तेच आहे. गरजेपुरता घ्यायचा पण आत दाहशामक असलेला एकत्रित पफही मिळतो. आपल्यासाठी योग्य कोणता, हे जीपींना विचारा.

दमा फारच तीव्र असेल तर आता इंजेक्शने आहेत. बेनरालिझुमॅब आणि डुपिलुमॅब ही दाह भडकवणाऱ्या पेशींकडे जाणाऱ्या निरोपांचीच कुलपे अडवतात. म्हणजे कुलूप अडवण्याची कल्पना चुकीची नव्हती. कुठले कुलूप अडवायचे हा प्रश्न होता. ही औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली निवडक रुग्णांनाच देतात.

ज्येष्ठांसाठी खास : उलटे पडणारे कुलूप

निळा पंप जे बीटा कुलूप उघडतो, तेच बंद करणारी औषधेही आपल्या घरात असतात. हाताचा कंप, मायग्रेन किंवा धडधड यांसाठी दिलेले प्रोप्रॅनोलॉल हे त्यांतले एक. दुसरे म्हणजे काचबिंदूचे टिमोलॉल थेंब. डोळ्यात घातलेला थेंब छातीपर्यंत काय जाणार, असे वाटते. पण तो नाकातून रक्तात जातो, आणि दमेकऱ्याची नळी आवळू शकतो; त्यावर निळा पंपही नीट चालत नाही. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याबद्दल आणि जीपींना डोळ्यांच्या थेंबांबद्दल आवर्जून सांगा. मात्र कोणतेही औषध मनाने एकाएकी बंद करू नका.

या मोसमात काय करावे?

स्वतःला आणि घरच्यांना तीन प्रश्न विचारा. रात्री किंवा पहाटे खोकल्याने जाग येते का? धावल्यावर, हसल्यावर छातीत शिट्टी वाजते का? वसंतात नाकाबरोबर छातीही जड होते का? एकाचेही उत्तर "हो" असेल तर जीपींकडे जाऊन श्वासाची तपासणी करून घ्या आणि लेखी अ‍ॅस्थमा प्लॅन मागून घ्या.

दमा असेल तर प्रिव्हेंटर रोज, विशेषतः ऑक्टोबर ते डिसेंबर. नुसते हे फीव्हर असेल तर गोळीपेक्षा नाकातला स्टिरॉइड स्प्रे अधिक उपयोगी, आणि तोही नियमित. दरवर्षी हैराण होणाऱ्यांनी रायग्रासच्या इम्युनोथेरपीबद्दल तज्ज्ञांना विचारावे.

वादळी दम्याचा अंदाज व्हिक्टोरियात २०१७ पासून या तीन महिन्यांत रोज जाहीर होतो; व्हिकइमर्जन्सी अ‍ॅपवर तो पाहता येतो. धोका जास्त असेल त्या दिवशी वादळाआधीचा वारा सुटताच घरात या, दारे-खिडक्या लावा, गाडीत असाल तर आतलीच हवा फिरती ठेवा. पालखी असो की दिवाळीची रांगोळी, त्या वेळी सगळे आत. देव रागावत नाही.

अ‍ॅटॅक आला तर चारचा नियम. माणसाला ताठ बसवा, आडवे करू नका. निळ्या पंपाचा एक पफ स्पेसरमध्ये, त्यातून चार श्वास. असे चार पफ. चार मिनिटे थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार पफ. तरीही फरक नसेल तर ००० ला फोन करा, आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार पफ देत राहा. बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर आधी ००० आणि मग पफ. निळा पंप इथे चिठ्ठीशिवाय फार्मसीत मिळतो. दम्याचे निदान झाले नसेल तरीही अशा वेळी तो देण्याने नुकसान होत नाही.

ट्रस्टचे आवाहन

भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना आणि व्हिजिटर व्हिसावरच्या आई-बाबांना मेडिकेअर नाही. प्रिव्हेंटर पूर्ण किमतीत घ्यावा लागतो, म्हणून अनेक जण पाकिटातल्या गोळीवर वेळ मारून नेतात. तो मुलगाही तेच करत होता.

यासाठी आपल्या आरोग्य निधीतून या वर्षी तीन कामे करायची आहेत : मंदिरात, स्वयंपाकघरात आणि बालवर्गात निळा पंप व स्पेसर असलेली पेटी ठेवणे, ज्यांना प्रिव्हेंटर परवडत नाही त्यांना पहिल्या तपासणीच्या आणि औषधाच्या खर्चात मदत करणे, आणि वाढपी, सेवेकरी व बालवर्गाच्या ताईंना चारचा नियम शिकवणे. शिकवायला मी आहे. एका स्पेसरला एका अभिषेकापेक्षा कमी पैसे लागतात. देणगी मंदिराच्या कार्यालयात 'आरोग्य निधी' असे लिहून द्यावी. मदत हवी असेल त्यांनी संकोच न करता मला किंवा सेवेकऱ्यांना सांगावे. नाव कुठेही छापले जाणार नाही. निधीला पैसे देणे जमत नसेल त्यांनी शेजारच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना वरचे तीन प्रश्न विचारावेत. तीही सेवाच.

तो मुलगा आता दोन लेकरांचा बाप आहे. अजूनही वाढपाला येतो. दर ऑक्टोबरमध्ये मला पाहिले की खिशातून पंप काढून दाखवतो आणि म्हणतो, "काका, रोज घेतोय." मी त्याला वरणाचे पातेले उचलायला सांगतो.

सर्वांची दिवाळी मोकळ्या श्वासाची जावो, ही श्रीचरणी प्रार्थना.

आपला,
एक सेवानिवृत्त डॉक्टर